नव्या नळ्यांचा वास

परशुरामचं नाक गेलं, ही बातमी सगुणाला सुकटीने दिली.

तव्यावर सुकट टाकली आणि बाहेर नळाला पाणी आल्याची बोंब झाली. दिवा गावात नळाला पाणी आलं की माणसाने हातातला घाससुद्धा खाली ठेवून पळायचं असतं, मग सुकटीची काय कथा. हंडा-कळशी भरून, वर दोघींशी भांडून सगुणा परत आली, तेव्हा खोलीभर निळा धूर कोंडलेला. शेजारची भागीरथी नाकाला पदर लावून दारात उभी होती. आणि तव्यापासून हातभर अंतरावर परशुराम मांडी घालून पेपर वाचत बसलेला.

"अवो, मेला की काय तुमचा जीव? सुकट जळून कोळसा झाली!"

परशुरामने पेपर खाली केला. तव्याकडे बघितलं, धुराकडे बघितलं.

"मला वाटलं, डोळ्यांपुढं अंधारी आली," तो म्हणाला.

भागीरथी हसली. सगुणाही हसणार होती, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिचं हसू ओठांवरच राहिलं. जळलेली सुकट म्हणजे मेलेल्याला उठवणारी चीज. कोळ्याच्या पोराला ती कळू नये?

भागीरथी गेल्यावर तिने लसूण ठेचून त्याच्या नाकाखाली धरला. मग रॉकेलची बाटली. मग, नाइलाजाने, मोरीतलं फडकं. परशुराम शहाण्या मुलासारखा एकेक हुंगत गेला आणि शेवटी मान हलवून म्हणाला, "बॉनेट डोक्यात पडलं ना, तेव्हापासून. मला वाटलं, येईल परत."

पावसाळ्याआधी एका ॲम्बेसेडरच्या बॉनेटची दांडी सटकली होती आणि बॉनेट त्याच्या डोक्यात बसलं होतं. टाके पडले, सूज उतरली, परशुराम कामाला लागला. आतली एक बारीक शीर तुटली ती कुणाला दिसली नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, येईलही, नाहीही येणार. एवढं सांगायला त्याने दोघांना सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं होतं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, नाकाचं एवढं काय? डोळे शाबूत, हातपाय शाबूत. पण गाडी बिघडते तेव्हा ती आधी वासाने बोलते. क्लच करपला, वायर तापली, ऑइल जळलं, पेट्रोल गळलं. आवाज मागाहून येतो. परशुरामचं शीळफाट्यावर टपरीवजा गॅरेज होतं. समोरच रस्त्यापलीकडे गुणाजीचं. गुणाजीला हे कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत कल्याणपासून ठाण्यापर्यंत सगळे ड्रायव्हर म्हणाले असते, अरे तो बिननाकाचा मिस्त्री, त्याच्याकडे कुठे टाकतो गाडी?

तोड सगुणानेच काढली. रोज दुपारी ती डबा घेऊन फाट्यावर जायचीच. तिने नवऱ्याला सांगितलं, कुठलीही गाडी मी आल्याशिवाय द्यायची नाही. मी दृष्ट काढणार.

आणि ती खरंच दृष्ट काढायला लागली. मुठीत मीठ-मोहरी, दोन सुक्या मिरच्या, वर लिंबू. डोक्यावर पदर घेऊन ती गाडीभोवती फेरा मारायची, ओठ पुटपुटते ठेवायची आणि टाकीपाशी वाकायची, बॉनेटपाशी वाकायची, चाकांपाशी वाकायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाईची केवढी भक्ती! बाई हुंगत असायची. वास आला तर ती मूठ तशीच घेऊन परत यायची आणि नवऱ्याला हळूच म्हणायची, "डाव्या चाकापाशी करपट," किंवा "मागे पेट्रोल." मग परशुराम गिऱ्हाईकाला म्हणायचा, "चहा घे तू, मी एकदा शेवटचा हात फिरवतो."

बघता बघता दृष्टीचं नाव झालं. परशूकडून आलेली गाडी रस्त्यात बंद पडत नाही, वैनीच्या हाताला गुण आहे, असं ड्रायव्हर बोलायला लागले. सगुणाला रात्री अंथरुणावर हसू यायचं. देवाला म्हणायची, बाबा, तुझं नाव घेऊन खोटं बोलते, पण खोटं कुणाच्या वाईटासाठी नाही.

टेरेन्स आला तो या दिवसांत. तो आणि परशुराम ठाण्याच्या चेंदणीतले, शाळेत एका बाकावर बसलेले. एकाचं घर देवळाच्या अंगाला, एकाचं खाडीच्या अंगाला. टेरेन्सच्यात चर्चलाही देऊळच म्हणायचे, त्यामुळे लहानपणी दोघांचं कुणाचं देऊळ मोठं यावर भांडण व्हायचं. पुढे टेरेन्स मस्कतला गेला आणि काही वर्षांनी दोन दारांची, लाल, बसकी, जपानी स्पोर्ट्‌स कार बोटीतून घेऊन आला. तेव्हा सगळं चेंदणी बघायला लोटलं होतं. गोमाजी म्हातारा म्हणाला होता, "माणसं उताणी झोपून चालवतात का रे ही?" पण टेरेन्स पुन्हा परदेशी गेला आणि गाडी ताडपत्रीखाली घराशेजारी राहिली. उंदीर आले, खाडीचा खारा वारा आला. आता तो कायमचा परतला होता.

"परशू, लग्नाला पंचवीस वर्षं होतात," तो म्हणाला. "ॲडेलिनला या गाडीतनं देवळात न्यायचीय. मस्कतवरनं आणली तेव्हा शब्द दिलेला."

ॲडेलिन त्याची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. गाडी टेम्पोला बांधून फाट्यावर आणली, तेव्हा ती पुढे बसून आली होती आणि उतरल्या उतरल्या सगुणाला म्हणाली, "बघा वैनी, यांची लेक. मला सासू होऊन छळते. हिच्यासाठी ताडपत्री नवीन, माझ्यासाठी साडी नाही."

"लेकीला नवरा बघितला का?" सगुणाने विचारलं.

"तुमचा नवरा बघतोय ना," ॲडेलिन म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या दोन्ही पुरुषांनी वळून बघितलं.

बॉनेटखाली मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. नळ्याच नळ्या. पेट्रोलच्या जाड, हवेच्या बारीक, एकीतून दुसरी फुटलेली, कोळणीच्या टोपलीत वाम मासे वळवळावेत तशा. आणि सगळ्या वाळून खडखडीत. परशुरामने एक नुसती वाकवली, तर शेंगेसारखी कट्कन मोडली.

"एकही ठेवायची नाही," तो म्हणाला. "रबराचं वय झालं की ते सांगत नाही. सगळ्या बदलायच्या."

नळ्यांचं भेंडोळं टेरेन्सने आणून दिलं. पण परशुरामचा पंजा इंजिनाच्या मागच्या फटीत जाईना. टेरेन्सचा तर त्याहून जाड. शेवटी सगुणाने बांगड्या काढून डब्याच्या झाकणात ठेवल्या आणि पदर खोचला. लहानपणापासून करंदी, ती बारीक कोळंबी, सोलून सोलून तिची बोटं निमुळती झालेली. जिथं पाना पोचत नाही तिथं ती पोचायची. तिने मनगट आत सारलं, डोळे मिटले, आणि करंदीचं डोकं पिळून काढावं तशी पहिली नळी पिळून बाहेर काढली.

"शाबास!" टेरेन्स म्हणाला. "परशू, मालक तू की वैनी?"

"मी बिल फाडतो," परशुराम म्हणाला.

पण गोंधळ व्हायची भीती होती. एवढ्या नळ्या, कुठली कुठे जाते हे कुणी सांगावं? म्हणून सगुणाने घरून जाळ्याचा दोरा आणला. नळी काढायच्या आधी तिच्या दोन्ही तोंडांना एक गाठ, पुढच्या नळीला दोन गाठी, त्या पुढच्या नळीला निळा दोरा. काढलेली बाजूला ठेवायची, तिच्या मापाची नवी कापायची, तीच गाठ तिला बांधायची आणि मगच पुढची सोडायची. परशुराम क्लिपा आवळत जायचा. कामात तो तिला समजावत होता, नाहीतर घरी कधी चार शब्द बोलायचा नाही.

"ही पेट्रोलची. ही पुढे ढकलते. फाटली तर बाहेर सांडते, दिसतं. आणि ही हवेची. ही ओढते. ही बिघडली ना, तर फुटत नाही. आतल्या आत बसते. वरून बघितलं तर चांगली दिसते."

"बायकांसारखी," सगुणा म्हणाली. परशुरामने हातातली क्लिप आणखी एक फेरा आवळली. मग म्हणाला, "पक्कड दे."

बरेच दिवस हे चाललं. पुढचं संपलं तसे ते मागे आले. टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे, आणि टाकीच्या डोक्यावर, पेट्रोल भरायच्या नळकांड्याला जोडणारा एक रबरी वाकडा तुकडा. मुठीएवढासा. परशुरामने चाचपला, दाबला.

"हा काढायचा तर टाकी उतरवावी लागेल. आणि बोल्ट बघ, गंजून गेलेत. पाना लावला की तुटणार."

"मग?"

"नरम आहे हा. बाकीच्या वाळल्या होत्या. हा चांगला आहे."

सगुणाने वाकून हुंगलं. टाकीत तेव्हा तळाला थोडंसंच पेट्रोल होतं, डब्यातून ओतलेलं. पेट्रोलचा वास आला नाही, आणि सडलेल्या रबराचा वास वेगळा असतो हे तिला माहीत नव्हतं. तरी ती म्हणाली, "तुम्हीच बोललात ना, एकही ठेवायची नाही?"

"नरम रबर जिवंत असतं, सगुणा," परशुराम म्हणाला.

आता हे त्याचं शहाणपण बोटीवरचं होतं. तरुणपणी तो खाडीतल्या बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, आणि डिझेलवर नरम नळी म्हणजे चांगली नळी. जुन्या रबराला पेट्रोल आतून फुगवतं, कुजवतं आणि मग ते बोटाला लोण्यासारखं लागतं, हे नाक असतं तर त्याला कळलं असतं. त्या रबराला सडका, गोडसर वास असतो. त्याने तुकडा हुंगलाही. सवयीने. टेरेन्स बघत होता म्हणून "हं" असंही म्हणाला.

गाडी चालू झाली तेव्हा फाट्यावर गर्दी झाली. आवाज असा की सगुणाच्या छातीत घुमला. टेरेन्स रडला, आणि रडतो हे कळू नये म्हणून सारखी काच पुसत राहिला.

न्यायचा दिवस रविवार ठरला. सकाळी परशुराम गाडी घेऊन जवळच्या पंपावर गेला, मित्राला भरल्या टाकीने द्यायची म्हणून. काठोकाठ भरून, सगळ्या काचा लावून, गाणं म्हणत परत आला. पाठीमागे अगदी मानेजवळ पेट्रोल झिरपत होतं आणि हा गडी तान घेत होता.

सगुणा आणि टेरेन्स-ॲडेलिन एकदमच पोचली. टेरेन्स सुटात. ॲडेलिनने मोतिया रंगाची नवी साडी नेसली होती, हातात मोठ्या शेवंतीचा गुच्छ. इथून थेट देवळात जायचं, मिस्सेच्या प्रार्थनेला, आणि मग फादर गाडीवर पाणी शिंपडणार. गुणाजीही रस्ता ओलांडून आला होता, चहाचा ग्लास घेऊन. गाडी बघायला म्हणून आलेला, पण त्याची नजर गाडीपेक्षा परशुरामच्या टपरीवर जास्त फिरत होती.

सगुणाने मूठ भरली. लिंबू घेतलं. पदर डोक्यावर घेतला आणि गाडीकडे निघाली.

"वैनी," ॲडेलिन मधे आली. तिने सगुणाचं मनगट धरलं, अगदी मऊ हाताने. "राग मानू नका हां. ते आज नको."

"का गो बाय?"

"फादरनी गेल्याच रविवारी सांगितलं. लिंबूमिरची, उतारे, हे सगळं. आणि आज गाडी देवळात नेतो. तिथं पवित्र पाणी घ्यायचं आणि इथं हे करून जायचं, मनाला बरं वाटत नाही. तुमचा मान नाही असं नाही."

"नुसता एक फेरा. लिंबू नाही घेत. हे बघ, टाकलं."

"वैनी, नको ना."

सगुणा उभी राहिली. एवढंच बोलायचं होतं, बाय, दृष्ट राहू दे, मला गाडीचा वास घेऊ दे. पुढचा प्रश्न ठरलेला होता. का? परशूने नाही घेतला? आणि गुणाजी चहाचा घोट तोंडात धरून ऐकत होता.

"मग मी जरा आत बसून बघू?" ती म्हणाली. "कधी बसले नाही असल्या गाडीत."

ॲडेलिन हसली, दार उघडणारच होती. तेवढ्यात परशुराम म्हणाला, "सगुणा, राहू दे. मीठ-मोहरीचे हात, सीटवर नवी चादर घातलीय त्यांनी. आणि लोकांच्या धर्मात आपण कशाला पडायचं?"

बोलला तो सगळ्यांना ऐकू जाईल असं. बघितलं मात्र फक्त तिच्याकडे. त्या बघण्यात गुणाजी होता, टपरी होती, आणि एक म्हणणं होतं की, माझं काम मला येतं. सगळं बायकोच्या नाकावर नाही चालत.

सगुणाने पदर खांद्यावर घेतला.

दोघं बसली. टेरेन्सने परशुरामला मिठी मारली, सुटाला डाग लागला तरी मारली. गाडी सुरू झाली, वळली, सगुणाच्या समोरून मुंब्र्याच्या दिशेने गेली. आणि गाडीच्या मागोमाग वास आला.

तिला पहिल्यांदा वाटलं, रस्त्यावर टँकर आहे. टँकर नव्हता. कच्चा, गोड, गार वास. तिने हात वर केला, ओरडली. पण त्या गाडीचा आवाज छातीत घुमणारा. मागच्या काचेतून ॲडेलिनने वळून बघितलं, तिचा वर केलेला हात बघितला, आणि हसून शेवंतीचा गुच्छ हलवला.

"अवो, पेट्रोल!" सगुणा म्हणाली.

परशुरामने कसलं, कुठलं, काही विचारलं नाही. त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्याचा झाला. तो स्कूटरकडे धावला. किक मारत राहिला. स्कूटर लागेपर्यंत गुणाजी विचारत होता, "काय झालं रे? काय राहिलं?" आणि सगुणा मागे बसली तेव्हाही तिच्या मुठीत मीठ-मोहरी तशीच होती.

कौसा गेलं, मुंब्रा गेलं. प्रत्येक वळणावर तिला वाटे, आता दिसेल, बंद पडलेली दिसेल, टेरेन्स शिव्या देत उभा असेल. रेतीबंदरच्या अलीकडे धूर दिसला.

नंतर जे कळलं ते असं. ॲडेलिनला निघाल्यापासून वास येत होता. टेरेन्सलाही येत होता. तो म्हणाला, "नव्या नळ्या आहेत गं, असतो वास. परशूने केलीय." ती गप्प बसली. मग तिला मळमळायला लागलं, तेव्हा त्याने गाडी उभी केली आणि ती कडेला उतरली. मागून एक ट्रकवाला हॉर्न मारत होता. टेरेन्स म्हणाला, "थांब, बाजूला घेतो," आणि त्याने चावी फिरवली.

सगुणा पोचली तेव्हा बंदरावरची माणसं घमेल्यांनी ओली रेती फेकत होती. बघावं असं काही उरलं नव्हतं आणि सगळे बघत होते. ॲडेलिन रस्त्यावर बसलेली, दाराची कडी ओढताना भाजलेला उजवा हात तिने पुढे धरलेला, जणू कुणाचा तरी दुसऱ्याचा आहे. सगुणाने तिला पोटाशी धरलं. लोक एकेक करून मागे सरकायला लागले. रुमाल निघाले, पदर निघाले, गमछे नाकावर आले. जाळाच्या अगदी जवळ, हातात रिकामं घमेलं घेऊन, उघड्या तोंडाने एकटा परशुराम उभा होता. वास त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

सगुणाला वर्षानुवर्षं बाकी काही आठवलं नाही तरी हे आठवत राहिलं.

पंचनामा झाला. जुनी परदेशी गाडी, वायर जळाली असणार, असं लिहून कागद मिटला. कुणी परशुरामला काही विचारलं नाही. उलट गुणाजीनेच सगळ्यांना सांगितलं, "मी समोर होतो ना. वैनी दृष्ट काढायला गेली, बाईने काढू दिली नाही. पाच मैलसुद्धा गेली नाही गाडी."

झालं. ही गोष्ट ट्रकवाल्यांनी पनवेलपर्यंत नेली. महिन्याभरात टपरीसमोर रांग लागायला लागली. काम दुसरीकडे केलेलं असलं तरी दृष्टीसाठी लोक गाड्या आणत होते. गुणाजीने स्वतःच्या गिऱ्हाईकाची मेटॅडोर पाठवली. सगुणा आता गुडघ्यावर बसून, प्रत्येक चाकापाशी थांबून, मिनिट मिनिट श्वास ओढून हुंगायची, आणि लोक म्हणायचे, बाई अंगात आल्यासारखी करते, देवमाणूस आहे.

घरी परशुराम बोलत नव्हता. पहाटे तिला जाग यायची तेव्हा तो मोरीजवळ पाठमोरा बसून काहीतरी हुंगत असायचा. लसूण. साबण. स्वतःचा हात. ती डोळे मिटून घ्यायची.

टेरेन्सची महिन्याची मिस्सा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ॲडेलिन आली. रिक्षातून उतरली. काळा झगा, उजवा हात पट्टीत. परशुराम एका जीपखाली झोपून काम करत होता. त्याला तिचे पाय दिसले आणि त्याचा पाना थांबला.

सगुणाने स्टूल पुसून दिलं. ॲडेलिनने बसायच्या आधी डाव्या हाताने पिशवीतून एक लिंबू काढलं. मग दोन मिरच्या. सगळं तिने टूलबॉक्सवर मांडलं, नीट, ओळीत.

"काढा आता," ती म्हणाली. "माझी काढा. मी फादरला नाही सांगितलं."

"बाय, हे काय करतेस?"

"तुम्ही आलेल्या. मी तुमचा हात धरला. सगळे बोलतात, रिक्षावालापण बोलला, मी कोण आहे ते त्याला माहीतपण नव्हतं. ती बाई, जिने दृष्ट काढू दिली नाही." तिचा आवाज चढला नाही. तो मोजून ओतल्यासारखा येत होता. "तुम्ही परत परत बोललात. एक फेरा बोललात. आत बसते बोललात. तुम्हाला समजलेलं ना काहीतरी? मी ‘नाही’ बोलले. पंचवीस वर्षं मी त्याला कशाला ‘नाही’ बोलले नाही, आणि त्या दिवशी तुम्हाला ‘नाही’ बोलले."

सगुणाने लिंबू उचललं. हे सोपं होतं. फेरा मारायचा, लिंबू उतरवायचं, बाईला घरी पाठवायचं. बाई हलकी झाली असती, किंवा झाली नसती. टपरी चालू राहिली असती. जीपखालून श्वास घेतल्याचा आवाज येत नव्हता.

लिंबू तिने खाली ठेवलं.

"दृष्ट नव्हतीच ती," सगुणा म्हणाली.

"काय?"

"मी दृष्ट काढत नव्हते. कधीच नाही काढली. मी वास घेते गाडीचा. पेट्रोल गळतं का बघायला. मंत्र येत नाही मला एकही. नुसते ओठ हलवते." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "त्या दिवशी मला वास घ्यायचा होता, आणि ते बोलायची मला छाती झाली नाही. तुझ्या नाही म्हणण्याने काही झालं नाही, बाय. माझ्या न बोलण्याने झालं."

ॲडेलिन तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण वास तुम्ही का घेता? परशू—"

जीपखालून परशुराम बाहेर आला. उठून उभा राहिला. हात पुसायला फडकं घेतलं, पण पुसले नाहीत.

"मला येत नाही वास," तो म्हणाला. "डोक्याला लागल्यापासून. पंपावरनं गाडी मीच आणली. पेट्रोल माझ्या पाठीशी गळत होतं. तिला मीच गप्प केलं, वैनी. टाकीवरचा तुकडा मीच ठेवला."

रस्त्यावरून ट्रक जात होते. पलीकडे गुणाजी कुणाच्या तरी टायरमध्ये हवा भरत होता.

"टेरेन्सला माहीत होतं?" ॲडेलिनने विचारलं.

"नाही."

"तो मला बोलला, परशूने केलीय." तिने पट्टीतला हात दुसऱ्या हाताने सावरला. "महिनाभर मी देवाला सोडून लिंबाला भीत होते."

ती परशुरामकडे अशी बघत होती, जणू त्याला पहिल्यांदा बघते आहे.

"तुम्ही तिथं होतात. जवळ होतात. मी बघितलं तुम्हाला. तुम्हाला तोपण नाही आला? तो वास?"

"नाही, वैनी."

"मला येतो," ॲडेलिन म्हणाली. "तव्यावर पाव गरम करायला ठेवला तरी येतो. मी उठून खिडकी उघडते." तिने पिशवी काखेला लावली. "तुम्हाला नाही आला. बरं झालं तुमचं."

ती उठली. सगुणा तिला धरायला पुढे झाली, तेव्हा तिने हात मागे घेतला नाही, पण पुढेही केला नाही. रिक्षा उभीच होती. जाताना तिने वळून बघितलं नाही. लिंबू-मिरच्या टूलबॉक्सवर राहिल्या.

मग परशुरामने हातातलं फडकं ठेवलं, रस्ता ओलांडला आणि गुणाजीच्या समोर जाऊन उभा राहिला. काय बोलला ते सगुणाला इकडे ऐकू आलं नाही. गुणाजीच्या हातातली हवेची नळी खाली पडली आणि फुसफुसत, सापासारखी जमिनीवर फिरत राहिली, एवढंच तिने बघितलं.

दुसऱ्या दिवशी एक ट्रकवाला आला, लांबचा, त्याला काही कळलेलं नव्हतं. "वैनी, वो नजर उतारनेका है," म्हणाला. "लिंबू मी आणलाय."

"लिंबू ठेव खिशात," सगुणा म्हणाली. "इथं ये. वाक खाली. आणखी वाक. घे श्वास. काय येतो?"

ट्रकवाला गोंधळून वाकला. त्याने नाक वर करून एकदा तिच्याकडे, एकदा टपरीच्या दारात बसलेल्या परशुरामकडे बघितलं.

"कुछ नहीं," तो म्हणाला. "डिझेल का."

"किधर से?"

त्याने पुन्हा हुंगलं, नीट, आणि बोट दाखवलं. सगुणाने बांगड्या काढल्या आणि हात आत घातला.